भोंगा ऐकू आला, शब्द नाही

मागच्या पावसाळ्यात पहाटे आमच्या नदीकाठच्या गल्लीतून भोंगा लावलेली गाडी गेली. ‘धरणातून विसर्ग वाढविण्यात येत असून नागरिकांनी सतर्क राहावे.’ शेजारच्या काकू खिडकीत आल्या आणि मला म्हणाल्या, “एवढ्या पहाटे भाजीवाला कसा रे?”

काकू ठार बहिऱ्या नाहीत. भोंगा ऐकू आला, शब्द कळले नाहीत. वयाने कान जातात तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त ही अक्षरं त्यांतलीच. उरतो तो गलका. अशा माणसाशी ओरडून बोललं तर गलका वाढतो, शब्द कळत नाही. श्रवणयंत्र रात्री काढून डबीत ठेवलेलं. घातलेलं असतं तरी पत्र्यावरचा पाऊसही त्याने मोठा करून ऐकवला असता.

मी वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं, ‘नदीचं पाणी येतंय. औषधं घ्या. शाळेत चला.’ काकूंनी वाचलं, चष्मा, गोळ्या, यंत्राची डबी पिशवीत टाकली आणि माझ्या आधी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

‘विसर्ग’ आणि ‘सतर्क’ ऐकून तर कान शाबूत असलेला माणूसही जागचा हलत नाही. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो भागात भूकंप झाला, तेव्हा एनएचके वाहिनीने पडद्यावर लहान मुलांनाही वाचता येईल अशा सोप्या लिपीत लिहिलं: ‘त्सुनामी! पळा!’

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची सोय करावी. पोहोचवावी, नुसती ओरडून सांगावी असं नव्हे. आणि काकूंसारख्या, दाखला न काढलेल्या म्हाताऱ्या माणसांची नोंद कुठल्या वहीत सापडणार? त्यांची घरं गल्लीलाच ठाऊक असतात. गल्लीला विचारा.

गाडीच्या टपावर ठळक अक्षरांचा फलक आणि लाल दिवा लावा. गाडीबरोबर दोन माणसं द्या, दार वाजवून हातात चिठ्ठी देणारी. चिठ्ठीवर तीन ओळी पुरेत: काय येतंय, काय घ्यायचं, कुठे जायचं. त्या आत्ताच छापून ठेवा. जून लागल्यावर छापखाना शोधत बसू नका.