ग्रंथनिवड समितीस अनावृत पत्र

यवतमाळ जिल्ह्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या माननीय समितीस,



तुटपुंज्या अनुदानाच्या शिलकीतून चित्रपटांच्या तबकड्या घेण्याची तजवीज आपण केलीत आणि दरपत्रकांत जे सर्वांत स्वस्त तेच सर्वोत्तम, हा सरकारी खरेदीचा सनातन सिद्धान्त कलेच्या प्रांतातही निरपवाद लागू केलात, याबद्दल आपले अभिनंदन करावे तितके थोडेच. एका तबकडीत तीन चित्रपट कोंबले की दाखल-नोंदवहीतील संख्या तिप्पट होते. चित्राचा तपशील विरघळतो खरा, परंतु तपशिलाला नोंदवहीत रकानाच नाही. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आपल्या प्रतीत पाहिला. विष्णुपंत पागनिसांची मुद्रा आणि जिजाईचा संताप एकाच धुक्यात लोपले असून, वैकुंठगमनाच्या पुष्कळ आधीच तुकोबा सदेह अदृश्य झाले आहेत. विक्रेत्याची जाहिरात मात्र तळाशी अखंड सुस्पष्ट आहे. १९५७ च्या कायद्यान्वये चित्रपटावरील हक्क ६० वर्षांनी सरतो, त्यामुळे आता या चित्रपटाची प्रत कोणीही, कशीही काढावी. आवृत्त्या उदंड झाल्या त्या यामुळेच, आणि निवड समितीची गरज पडते तीही यामुळेच.

समितीतील विद्वान अल्पमताचा पक्षही तितकाच थोर. १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळलेल्या फितींवरून पुनरुद्धारिलेली, सत्यजित रायांच्या अपू-त्रयीची अमेरिकी ब्लू-रे आवृत्ती त्यांनी सुचविली. ती वंदनीयच, परंतु १९६७ च्या अधिनियमाखाली ग्रंथालयांना असते तशी वर्गवारी तबकड्यांनाही असते, ती आवृत्ती 'अ' विभागाची आणि हिंदुस्थानातील यंत्र 'क' विभागाचे, सबब ती कपाटात अक्षय्य राहील.

१९७३ साली याच यवतमाळात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी 'दो आँखें बारह हाथ'चे लेखक गदिमा विराजमान झाले होते. पटकथा लिहिणारा साहित्यिकच, हा निवाडा येथे तेव्हाच मान्य झाला. असे असता गाथेची प्रत घेताना संपादक कोण हे विचारणारी समिती चित्रपटाची प्रत घेताना केवळ किंमत विचारते, हे गूढ मजसारख्या अल्पमतीस उकलत नाही.

तरी एवढी दरखास्त रुजू करून घ्यावी: बिल चुकते करण्यापूर्वी प्रत्येक तबकडी आरंभी, मध्ये आणि शेवटी लावून पाहावी, आणि मूळ कोणत्या फितीवरून ती काढली हे वेष्टनावर सांगणारीच प्रत पसंत करावी. याने यंदा चारच चित्रपट येतील व वार्षिक अहवालातील आकडा लाजिरवाणा दिसेल. तो परिशिष्टात घालावा. परिशिष्टे आजवर कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

आपला नम्र,
एक वर्गणीदार सभासद