भाव घसरेल हो!

मुंबईतल्या किनाऱ्यालगतच्या घरांचा पूरधोका नकाशावर मांडू म्हटले, की समुद्राआधी इस्टेट एजंटांनाच उधाण येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हापासून पाणी कुठे तुंबते हे शाळकरी पोरही सांगेल. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, कारण अशा वेळी नाल्यांतले पाणी समुद्र घेत नाही. म्हणजे पाणी कधी चढणार याचे वेळापत्रक आहे. कोणाच्या जोत्यावर चढणार, तेवढे विचारायचे नाही. हिशेब तसा सोपा आहे. घरात वीतभर पाणी शिरले तर गाद्या आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जातो, कमरेइतके शिरले तर वायरिंग आणि कपाटेही. पाण्याच्या खोलीगणिक नुकसानीचा टक्का धरून तो घराच्या किमतीला लावला की रक्कम हाती येते. नेमकी तीच कोणालाच नको असते.

सरकारने मात्र तोडगा काढला आहे. 2011च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने लाटा, भरती, समुद्राची वाढती पातळी आणि सरकता किनारा पाहून धोकारेषा आखायला सांगितले. जानेवारी 2019च्या अधिसूचनेने ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या फायलीत सन्मानाने बसवली, सीआरझेडची हद्द ठरवण्यातून तिला निवृत्त केले, आणि शहरी किनाऱ्यावर 1991च्या पातळीला गोठवलेला चटईक्षेत्र निर्देशांकही मोकळा केला. बुडाला तर तळमजला बुडेल. वरच्यांनी फ्लोअर राइज, म्हणजे उंच मजल्याचा जादा दर, मोजलेलाच असतो.

नकाशा छापला तर गरिबाच्या खोलीचा भाव पडेल, हा आक्षेप खरा, पण अर्धाच. नकाशा दडवल्याने नुकसान टळत नाही, ते पुढच्या अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते, तेही कर्जाच्या हप्त्यांसकट. गरिबाची एवढीच कणव असेल, तर जोते उंच करायला आणि विमा उतरवायला पैसे द्या. दुसरा आक्षेप असा, की असे नकाशे म्हणजे अंदाज. मग घरांच्या सरकारी दरांचा रेडी रेकनर काय वेदवाक्य आहे? तोही अंदाजच, तरी त्यावरचे मुद्रांक शुल्क बिनतक्रार भरावे लागतेच. तेव्हा करारनाम्यात चटईक्षेत्राशेजारी पाण्याच्या संभाव्य खोलीचा रकाना यावा. खिडकीतून समुद्र दिसण्याचे पैसे बिल्डर वेगळे लावतो. तोच समुद्र घरात येऊन दर्शन देणार असेल, तर त्याचा दरही छापलेला बरा.