वजावटीचा पाव

१९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या रेट्यात नागपूरची राजधानी गेली, सचिवालयाची दफ्तरे गाठोडी बांधून रवाना झाली. परंतु दफ्तरी स्वभावाचे गाठोडे काही केल्या बांधता आले नाही, आणि तो धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर या वस्त्यांतून आजही निवृत्तिवेतनावर सुखेनैव नांदत आहे. त्याचा सांप्रतचा सर्वांत विलोभनीय अवतार म्हणजे घरच्या घरी अल्पकर्बोदकी पाव भाजणारा निवृत्त लेखापरीक्षक. ज्याची उभी हयात इतरांच्या प्रवासभत्त्यावर आक्षेप काढण्यात गेली, त्याला एके दिवशी रक्तशर्करेच्या अहवालात स्वतःचाच आकडा मर्यादेबाहेर गेलेला आढळतो, डॉक्टर पोळी-भाताला मनाई फर्मावतात, आणि त्याच सायंकाळी हा गृहस्थ एक कोरी नोंदवही काढून पावाची मिसल उघडतो.

इतवारीच्या किराणा ओळीतून जवस येते. वऱ्हाड-नागपुरात जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असली, तरी जवसाचा शोध आपणच लावला अशा थाटात तो पत्नीला तपशील ऐकवतो: शंभर ग्रॅममागे कर्बोदके सुमारे २९, पैकी तंतू २७, तंतू पचत नाहीत, सबब वजा, शिल्लक दोन. गव्हाच्या पिठाला फाटा देऊन त्यातले केवळ ग्लूटेन तेवढे कुरियरने मागवले जाते. यीस्ट जागे व्हावे म्हणून कोमट पाण्यात चमचाभर साखर पडते, तीही वजा, कारण ती यीस्टने खाल्ली, आपण नव्हे. ज्याने एकेकाळी पावती नाही म्हणून शिपायाचे रिक्षाभाडे नामंजूर केले, तोच आज यीस्टच्या तोंडी हवाल्यावर अख्खी साखर खर्ची टाकतो, आणि आक्षेप काढायला वर कोणी उरलेले नाही याचे समाधान त्याच्या मुद्रेवर लपत नाही.

मे महिना मात्र कोणाचीच वजावट मान्य करीत नाही. गोळा उबदार जागी ठेवावा, असे पाककृती सांगते. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा नागपुरात ज्याला उबदार जागा म्हणता येणार नाही असा कोपरा फक्त कूलरसमोर सापडतो, आणि तिथे वाळ्याच्या वासात, ओल्या फडक्याखाली, तो गोळा जावयासारखा फुगत बसतो. गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी तर हात पोळणारे; पंचावन्न-साठ अंशांच्या पुढे यीस्ट मरते, म्हणून भर उन्हाळ्यात हा गृहस्थ पाणी कोमट करण्याकरिता त्यात माठातले पाणी ओततो. पिष्टाचा आधार नसल्याने गोळा रबरासारखा ताणला जातो, परातीला सोडतो पण बोटांना सोडत नाही. ओव्हनमध्ये त्याला घुमट येतो, आणि बाहेर काढून जाळीवर ठेवावा तो घुमट सर्वांदेखत खचू लागतो.

"अहो, आत्ता तर फुगला होता नं, मग बसला काहून?" पत्नी विचारते.

"ती वाढ हंगामी होती," तो शांतपणे म्हणतो, "कायम झाली नाही."

पुरता गार होईपर्यंत कापायचा नाही, अन्यथा आत चिकट राहतो. या सक्तीच्या मुदतीत तो पाहुण्यांना इतिहास सांगतो. पॅरिसच्या बूशार्दा नावाच्या वैद्याने एकोणिसाव्या शतकातच मधुमेह्यांना ग्लूटेनचा पाव दिला होता. आणि साखर, बटाटे व पाव यांवर बहिष्कार घालून वजन कसे उतरवले, याची पुस्तिका १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगने काढली, ज्याचा पिढीजात धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था पाहण्याचा होता. पाव सोडायला सांगून या माणसाने स्वतःचीच गिऱ्हाइके लांबणीवर टाकली, हा निःस्वार्थीपणा लेखापरीक्षकाला अतिशय भावतो. पाहुणे मान डोलावतात, कापलेला तुकडा पुष्कळ वेळ चघळतात, आणि पौष्टिक असावा, असा सावध शेरा मारून उठतात.

रविवारी सकाळी फिरायला गेलेली हीच स्वारी पोह्यांच्या ठेल्यापाशी थबकते. घराच्या हद्दीबाहेरील व्यवहार नोंदवहीत येत नाही, हा नियम त्याने पहिल्या पानावरच लिहून ठेवला आहे. तरीही सदसद्विवेकाला स्मरून तो पोहेवाल्याला बजावतो, "पोहे कमी टाक भाऊ, तर्री ज्यादा," आणि तर्रीतले हरभरे चमच्याने मोजून प्रथिनांच्या खाती जमा करतो.