घामाची पावती

इस्पितळासाठी पैसे जमवायचे तर रस्त्यावर धावायचं कशाला, हा प्रश्न मुंबई मॅरेथॉनच्या आगेमागे दर जानेवारीत हमखास निघतो. विचारणारा बहुधा रजईत असतो. तरी प्रश्न रास्त आहे. डायलिसिसचं यंत्र कुणाच्या पोटऱ्यांवर चालत नाही, पैशांवर चालतं. आणि पैसे पाठवायला मोबाइल आणि एक बोट पुरतं, बूट लागत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की समोर कुणी धावल्याशिवाय ते बोट हलत नाही. धर्मादाय शर्यत ही मुळात धावण्याची शर्यत नाहीच. चारचौघांतल्या माणसाला न लाजता पैसे मागता यावेत, यासाठी काढलेली ती सोय आहे.

मध्यमवर्गीयाला मागायची भारी लाज. ऑफिसातल्या कुलकर्ण्यांनी एरवी ‘कॅन्सरच्या रुग्णांसाठी दोन हजार द्या’ असं लिहिलं, तर आपण आधी त्यांचा फोन हॅक झालाय का ते पाहतो. तेच कुलकर्णी ‘मी एकवीस किलोमीटर धावतोय’ म्हणाले, की गोष्ट वेगळी होते. त्यांची ढेरी आपण लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या ताटाशी जवळून पाहिलेली असते. ती ढेरी एकवीस किलोमीटर नेणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो आणि हात आपोआप खिशाकडे जातो. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्दार शफीर या संशोधकांनी २०१३ साली हेच मांडलं : त्याच कामासाठी सहल काढली तर लोक कमी पैसे देतात, दमछाक करणारी दौड ठेवली तर जास्त. जिथे नवस फेडायला माणसं अनवाणी सिद्धिविनायक गाठतात, तिथे ही बातमी तशी शिळीच. फरक इतकाच, की इथे पाय एकाचे झिजतात आणि दक्षिणा दुसरा ठेवतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा कॅनडात आहे. कर्करोगानं उजवा पाय गेलेला टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, असे १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग कर्करोग फुप्फुसांत पोचला आणि त्याला थांबावं लागलं. त्याचं मागणं होतं माणशी एक डॉलर. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले. हाच मुलगा घरी बसून पत्रं लिहिता, तर टपालाचा खर्चही सुटला नसता. तिकडे १९८१ला सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंनी आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक निधी उभा केला आहे. आणि ते ४२.१९५ किलोमीटरचं विचित्र अंतर? १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू करून राजघराण्याच्या आसनापुढे संपवली, त्याचं हे फळ. राजघराण्याची सोय झाली; तिचे हप्ते जगभरच्या कारकुनांच्या पोटऱ्या आजही फेडताहेत.

आता आक्षेप. पहिला : इस्पितळासाठी धावायचं आणि त्यापायी इस्पितळाचाच रस्ता अडवायचा? आक्षेप खरा आहे. म्हणूनच शर्यत रविवारी भल्या पहाटे सुरू करतात, आणि रुग्णवाहिकेला वाट ठेवता येत नसेल तर ती शर्यत भरवूच नये. दुसरा : टी-शर्ट, पदकं, केळी यांतच पैसे जिरतात. मग देताना विचारा, की माझ्या शंभरांतले रुग्णापर्यंत किती पोचणार? तो तुमचा हक्क आहे. मात्र उत्तर मिळाल्यावर पाकीट काढायचं असतं, हे प्रश्न विचारणारे बरेचजण विसरतात. तिसरा : हे सगळं मिरवण्यासाठी चाललंय. असेल! पण पेडर रोडच्या चढावर, जसलोक रुग्णालयाच्या आसपास, माणूस पाहावा : छातीवरचा नंबर चारांपैकी दोन टाचण्यांवर लोंबतोय, काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेत, आणि कुणा आजींनी पुढे केलेली संत्र्याची फोड तो सालीसकट चावतोय. यात मिरवण्यासारखं काही असेल तर खुशाल मिरवावं. शिवाय देणगीची पाटी भिंतीवर लावून घेणाराही मिरवतोच. त्याच्या गुडघ्यांना तोशीस नसते, इतकंच. चौथा आक्षेप, की अशानं धावणाराच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, हा मला मान्य आहे. इस्पितळाला मदत करण्याचा तोही एक मार्ग आहे.

तेव्हा कुणी कुलकर्णी देणगीची लिंक पाठवतील तेव्हा ‘ऑल द बेस्ट’चा अंगठा पाठवून मोकळे होऊ नका. अंगठ्यावर औषधं मिळत नाहीत. संस्था खरी आहे ना ते पाहा, रक्कम भरा, ८०जी सवलतीची पावती मागून घ्या. वेळ किती लागला ते मात्र कुलकर्ण्यांना विचारू नका.