मा. पी-२४६३ यांस खुले पत्र

प्रति,
मा. फॉल्ट कोड पी-२४६३,
मु. पो. डॅशबोर्ड, डिझेल पिकअप, धुळे–जळगाव महामार्ग.

विषय : पुसूनही वारंवार हजर होण्याबाबत.

महोदय,

पी-२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये, अर्थात धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, मर्यादेबाहेर काजळी साठल्याची नोंद. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, डिझेल पिकअपना हा फिल्टर आला आणि पाठोपाठ ही नोंदही.

तिच्यावरचा लोकप्रिय इलाज एकच : स्कॅनर लावून कोड पुसणे. खरे बोलणाऱ्या अधिकाऱ्याची बदली करावी तसा हा प्रकार. मात्र धुळ्यात बदली झालेले महोदय पारोळा-एरंडोल ओलांडेपर्यंत त्याच खुर्चीवर पुन्हा रुजू होतात, कारण कोड पुसल्याने काजळी पुसली जात नाही.

फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब दोन बारीक नळ्यांतून सेन्सरकडे जातो. त्यातला फरक वाढला की गाडीचा संगणक जादा डिझेल सोडतो आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काजळी जाळतो. या ‘रीजन’ला सलग वेग लागतो. सावदा-रावेरकडे शेतातून जवळच्या पॅकहाऊसपर्यंत केळी वाहणारी, फेरीगणिक बंद होणारी गाडी हे काम अर्धवट सोडते.

तपासाचा क्रम असा. कोड न पुसता त्याच्यासोबत साठलेली वेग, तापमान, भार यांची नोंद आधी वाचावी. मग सेन्सरच्या नळ्या फुटल्या वा तुंबल्या आहेत का, ते पाहावे. चावी चालू, इंजिन बंद असताना दाबाचा फरक शून्याजवळ दिसला पाहिजे. नसेल तर सेन्सरच संशयित. त्यानंतर काजळीचे उगम : टर्बोची फाटलेली होज, कार्बनने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर. हे दुरुस्त झाल्यावरच स्कॅनरवरून सक्तीचे रीजन द्यावे, तेही वाळल्या गवतापासून दूर. तरीही दाब उतरला नाही, तर आत राख आहे. ती जळत नाही; फिल्टर उतरवून साफ करावा किंवा बदलावा. ऑइलची पातळी वाढली असेल, तर त्यात डिझेल उतरल्याची शक्यता असते. अशा वेळी कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइल नव्याने भरावे. फिल्टर फोडून पोकळ करणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने पुरावा नष्ट होतो आणि धूर गावाच्या नाकात जातो.

सबब, महोदयांवरील सर्व आरोप मागे घेण्यात येत आहेत. कारण न शोधता नुसता कोड पुसून देणाऱ्यास मजुरी देऊ नये, ही तमाम पिकअपमालकांना विनंती.

कळावे.