साताऱ्याला समुद्र मिळतो तेव्हा

सातारा आणि सांगलीला समुद्र नाही, ही उणीव जैवविविधतेचा तक्ता भरणारा कोणीही एका मिनिटात भरून काढू शकतो. कास पठाराचे अक्षांश साधारण १७.७ आणि रेखांश ७३.८. हे आकडे एकमेकांच्या रकान्यात पडले, की अख्खे पठार नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. सांगलीचे आकडे उलटे केले तर तीही जवळच उतरते. शेजार परदेशातही सुटत नाही. कासचा वायतुरा मग हिमअस्वलांच्या मुलखातली सागरी वनस्पती ठरतो. अशा चुका जगभरच्या नोंदसंग्रहांत इतक्या नेहमीच्या आहेत, की त्या हुडकायला संगणकात खास चाळण्या ठेवाव्या लागतात. पण पाण्यात पडलेले पठार निदान कोणाच्या तरी नजरेला येते. आपली खरी हुकमत आहे ती न दिसणाऱ्या चुकीवर, म्हणजे रिकाम्या रकान्यावर. ‘नोंद नाही’ याचा अर्थ आपल्याकडे ‘पाहायला कोणी गेले नाही’ असा होत नाही. ‘तिथे काही नाही’ असा होतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, या हिशेबाचा नमुना उभा आहे आणि वाऱ्यावर फिरतो आहे. झाडे नाहीत म्हणजे जंगल नाही, जंगल नाही म्हणजे काहीच नाही, या न्यायाने सडा उजाड ठरतो आणि उजाड जागी पवनचक्क्या शोभून दिसतात. त्या फिरू लागून दीड दशक उलटल्यावर, २०१६ मध्ये, तिथल्या एका सरड्याला शास्त्रीय नाव मिळाले, सरडा सुपर्बा. विणीच्या दिवसांत याचा नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा फडकवत बसतो. लपून राहण्याची त्याची मुळीच इच्छा नसते. तरी कागदावर यायला त्याला पवनचक्कीपेक्षा जास्त वेळ लागला. पुढे २०१८ मध्ये याच सड्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास एक चतुर्थांशावर आले होते, आणि खाणारे घटल्यामुळे सरडे वाढले होते. नुसते सरडे मोजणाऱ्याने ‘पवनचक्क्यांमुळे वन्यजीव वाढले’ असा अहवाल दिला असता, आणि त्यातला एकही आकडा खोटा ठरला नसता.

गावागावांतली माहिती जमवण्यासाठी लोकजैवविविधता नोंदवहीची सोय २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या आधाराने झाली. २०१६ मध्ये देशभरात अशा वह्या दीड हजारही नव्हत्या. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे महिन्याला १० लाख रुपये भरायला लावू असे बजावले. निसर्गाने तत्काळ सहकार्य केले. वह्या अडीच लाखांवर गेल्या. दंडाच्या धाकाने एवढ्या प्रजाती प्रकट झाल्याचे दुसरे उदाहरण विज्ञानाला ठाऊक नसावे. धाकाने पाने भरतात, हे खरे. पण कोणी, कधी, कुठे, कसे पाहिले, याची उत्तरे त्या पानावर नसतील तर सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माळावर कासची फुले फुलवायला पाऊसही लागत नाही. शेजारच्या जिल्ह्याची वही उसनी मिळाली की झाले. पुढे कोणी त्या वहीवरून संरक्षणाची हद्द आखली, तर फुले नसलेल्या जागी कुंपण पडेल आणि माळावरच्या लांडग्याला उद्योगाचा भूखंड मिळेल.

यावर आक्षेप ठरलेला आहे: माहिती पूर्ण होईपर्यंत सगळे थांबवायचे का? मुळीच नाही, ती कधीच पूर्ण होत नाही. कोयना आणि चांदोली जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला आणि कॅमेऱ्यात वाघ आला २०१८ मध्ये. मधली आठ वर्षे ‘फोटो नाही म्हणजे वाघ नाही’ असे कोणी ठरवले नाही, म्हणून तो यायला जागा उरली. वाघाला दिलेली ही सवलत सरड्यालाही द्यावी, एवढेच मागणे आहे. दुसरा आक्षेप असा, की ग्रामसेवकाने लॅटिन नावे आणायची कुठून? ती आणूच नयेत; उसनवारी तिथूनच सुरू होते. लांडगा कोणत्या ओघळीतून उतरतो हे मेंढपाळाला पक्के माहीत असते. प्राण्याचे गावातले नाव, ओघळीचे नाव, महिना, पाहणाऱ्याचे नाव आणि जमल्यास एक फोटो, एवढ्यावर लॅटिन नाव तज्ज्ञाला नंतरही लावता येते. पाहणीच झाली नसेल, तर ती नंतर वहीत घुसवता येत नाही.

म्हणून आराखडे करणाऱ्यांनी नकाशात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘अजून पाहिले नाही’ असा तिसरा रंग ठेवावा, आणि त्या रंगाच्या जमिनीवर चक्की, खाण किंवा रिसॉर्ट मंजूर करण्याआधी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे माणूस पाठवावा. वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागावी, कोणतीही एक नोंद काढावी आणि ती कोणी, कधी, कुठे पाहिली एवढेच विचारावे.