बचावाचा प्रशिक्षक कसा जोखावा : मालकांना खुले पत्र

प्रति,
प्रो कबड्डी लीगमधील संघांचे सन्माननीय मालक

विषय : बचावाच्या प्रशिक्षकाच्या मूल्यमापनाबाबत

महोदय,

बचावाच्या प्रशिक्षकाला जोखण्याची रूढ पद्धत अत्यंत सोपी आहे. पकड यशस्वी झाली की श्रेय खेळाडूचे, संघ हरला की दोष प्रशिक्षकाचा. या पद्धतीला कागद लागत नाही, पेन लागत नाही, सामनाही पूर्ण पाहावा लागत नाही. वरवट बकालच्या चौकात शेगाव-संग्रामपूर एसटीची वाट पाहणारी मंडळी ती विनामूल्य वापरतात. मालक तीच कोट्यवधी रुपये मोजून वापरतात, एवढाच काय तो फरक.

अमेरिकी फुटबॉलमध्ये बचावासाठी वेगळा प्रशिक्षक असतो. शिकागो बेअर्सने जानेवारी 1986 मध्ये सुपर बोल 46-10 असा जिंकला, तेव्हा खेळाडूंनी मुख्य प्रशिक्षकाबरोबर बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांनाही खांद्यावर उचलले होते. कबड्डीत बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर दोन्ही कामे असतात. त्याला खांद्यावर घेण्याची वेळ आली, तर कोणत्या कामासाठी घेतले हे कळत नाही.

रूढ पद्धतीचे आवडते परिमाण म्हणजे पकडींचे गुण. ते दिसायला भक्कम आणि वापरायला फसवे आहे. एकट्या कोपरारक्षकाने घोटा धरला आणि चढाईपटू निसटला, तर एक गुण जातो व एक गडी बाद होतो. तिघांनी साखळी करून धरले आणि तो मध्यरेषेला पोचला, तर तीन गुण जातात. यशस्वी पकडीचा गुण मात्र दोन्ही वेळा एकच. म्हणजे कोणी हात घालावा, किती जणांनी घालावा आणि कधी मुळीच घालू नये, हा हिशेब प्रशिक्षकाचा असतो. हात न घालण्यालाही फळ असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तीस सेकंद संयम ठेवून प्रतिस्पर्ध्याला त्या तिसऱ्या चढाईपर्यंत ओढत नेणारा बचाव गुणतक्त्यात आळशी दिसतो. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेली पकड दोन गुणांची असते. त्या अवस्थेत घाबरून लोण स्वीकारणारा संघ आणि धीराने उलटा डाव टाकणारा संघ यांतला फरक सरावातच घडतो.

खेळाडूचे आकडे प्रशिक्षकाच्या नावावर जमा करण्याची घाईही टाळावी. सहाव्या हंगामात उत्तर प्रदेशच्या नितेश कुमारने पकडींचे 100 गुण मिळवले. त्याचा संघ अंतिम सामन्यात नव्हता. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणच्या मोहम्मदरझा शादलूने 99 मिळवले आणि संघ विजेता ठरला. शादलूला पलटणने 2.35 कोटींना घेतले होते. पुढच्या हंगामात तो 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला, हरियाणा विजेता झाला आणि पलटण बाद फेरीलाही मुकली. यावरून पलटणचे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांचे काम शादलूनेच केले, असा निष्कर्ष चौकात एका चहात निघाला. त्याच हंगामात पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला होता, ही बाब अर्थातच चहाबरोबर गिळण्यात आली.

मालकांनी खरा अभ्यास करावा तो मनप्रीत सिंग यांचा. 2017 मध्ये गुजरातचा नवा संघ त्यांच्या हाती होता. फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी हे दोन इराणी बचावपटू त्याचा कणा होते. अंतिम सामन्यात समोर परदीप नरवाल आला, ज्याने त्या हंगामात चढाईचे 369 गुण घेतले. पाटणा 55-38 ने जिंकला. पुढच्या हंगामात गुजरात पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि बंगळुरूकडून 38-33 असा हरला. पवन सेहरावतने एकट्याने 22 गुण घेतले. रूढ पद्धतीने येथेच फाईल बंद झाली असती. पुढे मनप्रीत हरियाणाकडे आले आणि 1 मार्च 2024 ला त्यांचा हा संघ अंतिम सामन्यात पुण्याकडून 28-25 ने हरला. अंतिम सामन्यात फक्त 28 गुण देणाऱ्या बचावाला पराभवाचा धनी ठरवायचे असेल, तर चढाईपटूंनी 25 वर का थांबावे, हेही विचारावे लागेल. हरियाणाच्या मालकांनी त्यांना ठेवले. 29 डिसेंबर 2024 ला पुढच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, पुण्यातच, हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवले.

पहिल्या पराभवापासून त्या विजेतेपदापर्यंत सात वर्षे गेली. या काळात अंतिम सामन्यात दिलेले गुण 55 वरून 23 वर आले. यात प्रतिस्पर्ध्याचा दर्जाही बदलला होता, शादलूही आला होता. तेवढे वजा केल्यावर जे उरते, ते प्रशिक्षकाचे.

तरी मालकांनी बचावाच्या प्रशिक्षकाला नारळ देण्यापूर्वी हंगामातील निसटलेल्या पकडी, तिसऱ्या चढाया आणि तीन गड्यांवरचे प्रसंग एकदा तरी बसून पाहावेत, ही नम्र विनंती. वेळ नसल्यास चौकात विचारणा करावी. तेथे निकाल तयारच असतो, आणि तोही फुकट.

वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा